मुद्दाम तुटणारी पिन विनाकारण तुटते आहे. जाड घालू का?

ढिला_स्क्रू

नमस्कार मंडळी. मेंटेनन्सवाल्यांनी वाचावं, बाकीच्यांनीही सल्ले दिले तर हरकत नाही.

कोरडी भुकटी वाहून नेणारा एक स्क्रू कन्व्हेअर माझ्या ताब्यात आहे. साडेपाच किलोवॉटची मोटर, १४४० आरपीएम, थेट सुरू होणारी. पुढे ३०:१ चा गिअरबॉक्स, म्हणजे स्क्रू मिनिटाला ४८ फेरे घेतो. गिअरबॉक्स आणि स्क्रूच्या मध्ये दोन फ्लँजांचं (शाफ्टांच्या टोकांना बसवलेल्या चकत्यांचं) कपलिंग आणि त्यात एकच शिअर पिन, शाफ्टच्या मध्यापासून ७५ मिमीवर. पिन १६ मिमीची, साधी एमएस (माइल्ड स्टील), मधोमध खाच मारून मान साडेबारा मिमीची ठेवलेली. स्क्रूत काही अडकलं तर तिने तुटावं आणि गिअरबॉक्स वाचवावा, एवढंच तिचं काम.

तर ती तुटते. पण काही अडकलेलं नसताना तुटते! स्क्रू जवळजवळ रिकामा फिरत असतो, कोणी कशाला हात लावलेला नसतो, आणि एकदम टक् असा आवाज होतो. मोटर आपली मजेत फिरत राहते, स्क्रू मात्र थांबलेला. पूर्वी पिन बदलल्याचं आठवायलाही वही उघडावी लागायची. आता पिनांचा डबा कपलिंगच्या शेजारीच ठेवलाय.

आमच्या फिटरचं म्हणणं, "८.८ चा, म्हणजे जास्त ताकदीच्या वर्गाचा बोल्ट ठोकू, कटकट मिटेल." साहेबांचं म्हणणं, मान चौदाची करा. मला दोन्ही पटत नाही, पण का पटत नाही हे त्यांना पटेल असं सांगता येत नाही. बाकी प्रत्येक भाग तुटू नये म्हणून आपण धडपडतो, त्याचे हिशेब पाठ असतात. जी वस्तू तुटण्यासाठीच केली आहे तिची ताकद ठरवतात कशी? आणि ती वेळेआधी का तुटते?

करंट

ताई, शिअर पिन हा प्रकारच जुनाट. मोटरला ओव्हरलोड रिले (जास्त करंट झाला की मोटर बंद करणारा) असेलच, तो नीट सेट करा आणि कपलिंगमध्ये घाला ठणठणीत बोल्ट. अडकलं की रिले ट्रिप होईल, रीसेट दाबा, पुढे चला. फार तर व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण) बसवा. कशाला हवी ती तोडफोड?

लेथवाला

करंटभाऊंचं नंतर बघतो. ताई, जाड की बारीक हे ठरवण्याआधी एक काम करा. तुटलेल्या पिना भंगारात गेल्या असतील तर शोधून आणा, दोन्ही अर्धे. डिझेलमध्ये बुडवून मऊ ब्रशने धुवा. तारेचा ब्रश अजिबात नको. आणि कितीही मोह झाला तरी दोन्ही तुटकी तोंडं एकमेकांवर जुळवून बघू नका. सगळे तसंच करतात आणि घासून पुरावा घालवतात.

मग उजेडात तिरपं धरून तोंड बघा. खरोखर जास्त लोड येऊन एका झटक्यात कापली गेलेली पिन असेल तर तोंड सपाट, सगळ्या रेघा एकाच दिशेला फासटलेल्या, आणि एका कडेला धातूचा जरासा ओठ वळलेला दिसेल. हळूहळू मेलेली पिन वेगळी दिसते. तोंडाचा काही भाग गुळगुळीत आणि काळपट, त्यावर कमानीसारख्या रेघा, ओहोटीचं पाणी वाळूवर ठेवून जातं तशा. उरलेला तुकडा खरखरीत, दाणेदार. गुळगुळीत भाग म्हणजे चीर रोज थोडी थोडी पुढे सरकत होती ती वाट; दाणेदार भाग म्हणजे शेवटी उरलेली काडी जी एका दमात गेली. काय दिसतं ते इथे लिहा.

तोवर हिशेब. तुमचे आकडे सोयीचे आहेत.

५.५ गुणिले ९५५० (किलोवॉट आणि आरपीएमवरून टॉर्क काढायचा ठरलेला आकडा) भागिले ४८, म्हणजे स्क्रूच्या शाफ्टवर साधारण १०९४ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे पिळण्याचा जोर. गिअरबॉक्समध्ये काही वाया जातं, ते धरत नाही. ७५ मिमीवर पिन असल्याने तिच्यावर येणारं बल १४.६ किलोन्यूटन. ती दुप्पट टॉर्कला तुटावी असं धरलं तर २९.२. एमएसची, म्हणजे ४.६ वर्गाच्या बोल्टच्या तोडीच्या मालाची, ताणातली ताकद ४०० मेगापास्कल. कातरताना त्याच्या सुमारे ०.६ पट धरायची, म्हणजे २४०. भागाकार केला की क्षेत्रफळ येतं १२२ चौरस मिमी आणि व्यास साडेबाराच्या आत-बाहेर. ज्याने कोणी तुमची मूळ पिन काढली त्याने हाच हिशेब केलेला दिसतो.

आता साहेबांची चौदाची मान. ती १२.५ च्या सव्वापट ताकदीची. वाचायला थोडं वाटतं, पण दुप्पटची अडीचपट झाली. फिटरच्या ८.८ बोल्टची ताकद ८०० च्या घरात. तोच व्यास ठेवला तरी तुटण्याचा आकडा दुप्पट, म्हणजे मोटरच्या चौपट टॉर्क. १२.९ घातला तर सहापट. तोवर गिअरबॉक्समधले दात हातात येतील आणि बोल्ट तसाच झळकत उभा असेल. फिटरला विचारा, गिअरबॉक्स उघडायला किती वेळ लागतो आणि पिन बदलायला किती.

पिनला जागा मिळते ती दोन आकड्यांच्या मधल्या फटीत. खाली सुरू होतानाचा झटका, कारण थेट सुरू होणारी मोटर क्षणभर पूर्ण लोडच्या दुपटीहून जास्त टॉर्क देऊ शकते. सगळा पिनपर्यंत येत नाही, रोटरला (मोटरच्या आतल्या फिरत्या भागाला) वेग द्यायला बराच खर्च होतो, पण मालाने भरलेला स्क्रू तसाच सुरू केलात तर बऱ्यापैकी येतो. वर गिअरबॉक्सची क्षणिक टॉर्क सोसायची मर्यादा, ती त्याच्या कॅटलॉगात असते. पिन या दोघांच्या मध्ये तुटली पाहिजे. फट अरुंद असेल तर पिनेचा व्यास अचूक लागतो, रुंद असेल तर चालवून घेता येतं.

आणि एक गोष्ट जी पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. धातूच्या मानकात सहसा किमान ताकदीची हमी असते. ४०० म्हणजे ४०० च्या खाली नाही. वर किती, त्याची फिकीर बाकी कोणाला नसते, उलट जास्त भरली तर आनंदच. शिअर पिनवाल्याला मात्र कमाल ताकद हवी असते. शिवाय थंड ओढलेली चकचकीत बार साध्या काळ्या बारपेक्षा चांगलीच कणखर असते, आणि दुकानात दोन्ही एमएसच्या नावाने मिळतात. म्हणून एका बारमधून एकदम वीसेक पिना करून घ्यायच्या, त्यातल्या दोन-तीन चाचणी यंत्रावर, बुशांत (भोकात बसणाऱ्या नळकांड्यांत) धरून, कापून बघायच्या. जो आकडा येईल त्याप्रमाणे मानेचा व्यास पक्का करायचा. बार बदलली की पुन्हा.

दिवाबत्ती

मस्त धागा. माझं काम धावपट्टीच्या दिव्यांचं, तिथे तर आम्ही अख्खे खांबच तुटण्यासाठी उभे करतो.

विमान उतरताना ज्या दिव्यांच्या रांगेवरून येतं ते दिवे खांबांवर असतात. विमान जरा खाली आलं तर त्या खांबांना धडकणार. पूर्वी तिथे सरळ लोखंडी सांगाडे असत. ३० जुलै १९७१ ला सॅन फ्रान्सिस्कोहून उडताना पॅन ॲमचं बोइंग ७४७ अशाच दिव्यांच्या सांगाड्याला घासलं. लोखंडी अँगलचे तुकडे खालून थेट केबिनमध्ये घुसले, दोन प्रवासी गंभीर जखमी झाले. विमान कसंबसं परत उतरवलं. दिव्याने वाट दाखवायची, भाल्यासारखं आत घुसायचं नाही.

आता आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचे नियम असे आहेत की ३००० किलोचं विमान ताशी १४० किमी वेगाने धडकलं तर खांबाने तुटावं, वाकावं किंवा बाजूला व्हावं. विमानावर ४५ किलोन्यूटनपेक्षा जास्त बल येता कामा नये आणि खांब मोडण्यात ५५ किलोजूलपेक्षा जास्त ऊर्जा जाता कामा नये. दोन आकडे का, तर कमी बल पण बराच वेळ ओढत राहिलं तरी विमान फिरून जातं.

आणि त्याच खांबाने वादळ सोसायचं, जवळून जाणाऱ्या जेटचा झोत सोसायचा, आणि वरचा दिवा हलूही द्यायचा नाही. म्हणून फायबरग्लासच्या नळ्या, हलक्या जाळ्या, बुडाशी खाच मारलेली कपलिंगं.

पण खरी मेख वायरमध्ये आहे. खांब छान तुटला आणि आतली केबल तुटली नाही तर? तो तुटका खांब केबलला लटकून पंखाला वेटोळं घालतो. त्यामुळे केबललाही ठरावीक ठिकाणी सुटणारे जोड ठेवावे लागतात. ताई, तुमच्या कपलिंगवर पिन सोडून आणखी काही दोन फ्लँजांना जोडून ठेवत नाही ना, तेही बघा. गंज, रंग, भुकटीचा घट्ट थर, काहीही.

पडद्यामागचा

आमच्याकडे उलटी रड! तुटायला पाहिजे तेव्हा तुटत नाही आणि विंगेत ठेवलेलं असताना तुटतं.

नाटकात डोक्यात फोडायच्या बाटल्या पूर्वी साखरेच्या करत. पाक १५० अंशांच्या आसपास नेऊन साच्यात ओतायचा. दिसतो हुबेहूब काचेसारखा, पण हवेतला दमटपणा ओढून घेतो. दिव्यांच्या उबेत चिकट होतो, धुरकट होतो, आणि मग फुटण्याऐवजी वाकतो. त्या दृश्यातलं हसू विसरा. हल्ली ठिसूळ रेझिनच्या बाटल्या मिळतात, त्या टिकतात, पण त्यांच्याही कपच्या डोळ्यात गेल्या तर व्हायचं ते होतंच. बाटली गळ्याशी जाडसर, पोटाशी पातळ. नट गळ्याला धरतो ना.

मला जास्त आवडते ती तुटकी खुर्ची. पायाचा आणि पाठीचा जोड आधीच बराचसा कापून ठेवायचा, उरलेल्या ठिकाणी बाल्साच्या हलक्या लाकडाची बारीक खुंटी. युक्ती अशी की खुर्चीवर माणूस बसला की कापलेली तोंडं एकमेकांवर दाबली जातात, खुर्ची भार घेते. तीच खुर्ची आडवी फिरवून पाठीत घातली की तोंडं उघडतात आणि खुर्चीचा भुगा. पहिल्या अंकात बसायची, तिसऱ्या अंकात फुटायची.

सुई_टोचे

पडद्यामागच्यांचं ते आडवं-उभं वाचून लिहावंसं वाटलं. इंजेक्शनच्या काचेच्या ॲम्प्यूलवर मानेपाशी एक रंगीत ठिपका असतो. नव्या मुली तो कंपनीची खूण समजतात. त्या ठिपक्याखाली काचेला बारीकशी रेघ मारलेली असते. ठिपका आपल्याकडे करायचा, त्यावर अंगठा, आणि डोकं आपल्यापासून लांब मोडायचं. म्हणजे रेघेची बाजू ताणली जाते, चीर तिथूनच निघते आणि मान गोल, स्वच्छ तुटते. उलट्या बाजूने मोडली तर रेघ दाबली जाते, काच वाटेल तिथून फुटते आणि बोट कापतं. तरीही काचेचे कण आत पडतातच, म्हणून काही औषधांना गाळणीची सुई वापरतो.

बाकी तुमच्या यंत्रातलं मला शष्प कळत नाही, चालू द्या.

ढिला_स्क्रू

सगळ्यांचे आभार. लेथवाले काका, तुटक्या पिना सापडल्या. धुऊन पाहिल्या.

जवळजवळ सगळ्यांचं तोंड सारखंच आहे. अर्ध्याहून जास्त भाग गुळगुळीत, तपकिरी-काळा, त्यावर तुम्ही म्हणता तशा कमानी. त्या कमानी एका कडेपासून सुरू होतात, खाचेच्या तळापासून. उरलेला चंद्रकोरीएवढा भाग दाणेदार. फासटलेल्या रेघा कुठल्याच पिनवर नाहीत. दोन पिना मानेपाशी किंचित वाकलेल्याही आहेत.

मग कपलिंग उघडलं. पिनची भोकं गोल राहिलेली नाहीत, अंड्यासारखी झाली आहेत. नवी पिन घातली तरी बोटाने खडखडते. आणि दोन फ्लँजांच्या मध्ये तीन मिमीची पट्टी सहज जाते. खाच आमच्याकडेच मारतात, कटऑफ टूलच्या टोकाने, तळाशी धारदार व्ही.

दिवाबत्ती, तुमची शंकाही पाहिली. फ्लँजांच्या मध्ये भुकटी दगडासारखी बसली होती, पण पिन काढल्यावर हाताने फिरवता आलं.

लेथवाला

झालं तर मग. चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती तुमच्याकडे.

पिन अशक्त नाही. ती थकून मरते आहे. सैल भोकात ती दर सुरू-बंदला आणि स्क्रूच्या फेऱ्यागणिक आपटते. फ्लँजांत तीन मिमीची फट असल्याने कात्रीसारखी कापली जायच्या ऐवजी ती वाकते, आणि वाकवण्याचा ताण बरोबर खाचेच्या तळाशी येऊन बसतो. वर तुम्ही तिथे धारदार व्ही दिलाय. चिरेला आयतं घर.

खाचेबद्दल लोकांचा समज असा की जितकी टोकदार, तितकी पिन नेमकी तुटेल. काचेत खरं आहे ते, वर सुईवाल्या ताईंनी लिहिलंय तसं. एमएससारख्या लवचीक धातूत एकदम जोर आला की मानेचं क्षेत्रफळ किती एवढंच बघितलं जातं. खाच टोकदार आहे की गोल, याने तुटण्याच्या आकड्यात फारसा फरक पडत नाही. पण रोजच्या छोट्या झटक्यांत टोकदार खाच पिनेचं आयुष्य खाऊन टाकते. म्हणजे व्ही खाचेने मिळत काहीच नाही, जातं मात्र बरंच. तळ गोल ठेवा, दीड मिमीची त्रिज्या चालेल, आणि बारीक पॉलिश पेपर फिरवा. आडव्या टूलखुणा राहू देऊ नका.

चौदाची मान केलीत तर थकायला जरा जास्त वेळ लागेल, साहेब खूश होतील, आणि ज्या दिवशी खरंच काही अडकेल त्या दिवशी पिन अडीचपटीला तुटेल. भोकं तोवर आणखी मोठी झालेली असतील.

हा प्रकार नुसत्या कन्व्हेअरला होत नाही. बोइंग ७४७ ची इंजिनं पंखाला ज्या पायलॉननी टांगलेली असतात ते फ्यूज पिनांनी धरलेले असतात. कल्पना हीच: भलताच ताण आला तर पिन तुटावी, इंजिन निघून जावं, पंख आणि त्यातलं इंधन शाबूत राहावं. ४ ऑक्टोबर १९९२ ला एल अलचं १८६२ हे मालवाहू विमान ॲमस्टरडॅमहून उडालं. फ्यूज पिनेत थकव्याची चीर होती. उजव्या पंखाचं आतलं इंजिन सुटलं आणि जाताना बाहेरचंही घेऊन गेलं. विमान इमारतींवर कोसळलं, विमानातले चार आणि जमिनीवरचे ३९ जण गेले. तुटण्यासाठी केलेली वस्तू तुटली, पण ज्या कारणासाठी केली होती त्या कारणाने नाही. त्याच्या आदल्या वर्षी डिसेंबरात चायना एअरलाइन्सचं एक मालवाहू ७४७ इंजिनं अशीच सुटून पडलं होतं. नंतर त्या पिनांची रचनाच बदलली.

म्हणून मी शिअर पिनला कायमचा भाग समजत नाही. ती तेलासारखी, ठरल्या वेळी बदलायची. ठरलेलं शटडाऊन आलं की चांगली दिसणारी पिनही काढून टाकायची. लोकांच्या जिवावर येतं ते. येऊ दे.

आता दुरुस्ती. दोन्ही फ्लँजांची भोकं बोअर करून गोल करा आणि कडक केलेल्या पोलादी बुश ठोका. बुशची तोंडं फ्लँजच्या तोंडाशी सपाट. पिन बुशमध्ये सरकती बसली पाहिजे, खडखडता कामा नये. गिअरबॉक्स पायावरून मागे सरकला असेल, नाहीतर तीन मिमी आले कुठून? तो पुढे घेऊन, शाफ्ट एका रेषेत आहेत का ते डायल (बारीक फरक दाखवणारं मापयंत्र) लावून बघा, आणि फट अर्ध्या मिमीच्या आत आणा. खाच बरोबर त्या फटीवर आली पाहिजे. इकडे-तिकडे सरकली की बुश कापेल ती १६ मिमीच्या अंगावर, आणि मग सगळा हिशेब पाण्यात.

दिवाबत्तींचा मुद्दा शंभर नंबरी. पिन तुटल्यावर एक फ्लँज मोकळी फिरली पाहिजे. मी असा हब पाहिलाय जो शाफ्टवर गंजून इतका घट्ट बसला होता की पिन कधीच तुटून गेली होती आणि यंत्र बिनपिनेचं चालत होतं. सगळे म्हणायचे, या यंत्राची पिन कशी तुटतच नाही बुवा! तुमच्याकडे हाताने फिरलं हे चांगलं, पण ती भुकटी साफ करा आणि वर झाकण घाला. झाकण तसंही हवंच, कारण तुटलेला अर्धा गोळीसारखा उडतो.

करंटभाऊ, आता तुमचं. रिले हवाच, पण तो मोटरसाठी. क्लास १० चा थर्मल रिले सेट केलेल्या करंटच्या ७.२ पट करंटला ४ ते १० सेकंदांत ट्रिप होतो. एवढ्या वेळात स्क्रूत अडकलेला बोल्ट गिअरबॉक्सचा निकाल लावून मोकळा. बरं, समजा वीज त्याच क्षणी गेली. तरी रोटर १४४० ने फिरतोच आहे. त्याच्यातली सगळी ऊर्जा थांबलेल्या स्क्रूवर आपटायला गिअरच्या दातांतूनच जाणार. वीज बंद केल्याने रोटर थांबत नाही. पिन त्या वाटेवर उभी असते, म्हणून तिचा उपयोग.

करंट

बरं, रोटरचा मुद्दा मान्य. पण मग बॉलवाला टॉर्क लिमिटर का नको? सुटतो, पुन्हा बसतो, काही तुटत नाही, थकण्याचा प्रश्न नाही.

लेथवाला

चांगली वस्तू आहे. वारंवार अडकणाऱ्या यंत्राला तीच लावा. पण भुकटीच्या धुळीत तिच्या स्प्रिंगा आणि गोळ्या जाम होतात, आणि कोणीतरी दिवसभर टकटक ऐकून नट अर्धा फेरा आवळतो. मग तो अर्धा फेरा कोणाच्या लक्षात राहत नाही. पिनला आवळायला काही नसतं.

शिवाय काही ठिकाणी तुटणंच हवं असतं, पुन्हा बसणं नको. तेलाच्या मोठ्या टाक्यांचं छप्पर बघा. छपराचा आणि कडेचा जोड मुद्दाम बारीक वेल्डचा ठेवतात, पाच मिमीहून मोठा नाही. आत स्फोट होऊन दाब वाढला तर टाकीचं छप्पर उघडावं, बूड फाटू नये. छप्पर उडालं तर तेल टाकीतच राहतं. बूड फाटलं तर जळतं तेल अंगणभर. एखादा उत्साही वेल्डर तिथे छान भरीव वेल्ड मारून ठेवतो आणि शाबासकीची वाट बघतो.

ढिला_स्क्रू

काका, बुश आणि बोअरिंगचं काम पुढच्या शटडाऊनला घेते. साहेबांना ४.६ आणि ८.८ चा हिशेब कागदावर दाखवला, चौदाची मान रद्द झाली. फिटर अजून कुरकुरतोय, पण त्याची कुरकूर दुसरीच आहे आणि ती रास्त आहे. पिन तुटली की तिचा अर्धा भाग मागच्या फ्लँजच्या बुशमध्ये अडकून बसतो. मागून हातोडा मारायला जागा नाही, गिअरबॉक्स आड येतो. कडक बुश घातल्यावर ड्रिलने उकरूनही काढता येणार नाही. त्याचं काय करता तुम्ही?

लेथवाला

पिना करतानाच दोन्ही टोकांना एम ६ चे आटे पाडून घ्या. मागच्या अर्ध्याचं टोक गिअरबॉक्सच्या बाजूला पाना जाण्याइतकं मोकळं असेल तर तिकडून बोल्ट लावून ओढायचा. तेवढीही जागा नसेल तर पुढची फ्लँज थोडी फिरवून तिच्यात मागच्या तुकड्यासमोर येईल असं एक वेगळं मोकळं भोक करून ठेवा. मागच्या तुकड्याचं तुटलेलं तोंड त्या भोकातून समोर दिसतं. तिकडून पंच ठोकून तुकडा मागे सरकवायचा, दहा-बारा मिमी मोकळे मिळाले तरी पुरतात, पकडीत धरून ओढता येतो. आटे मात्र मानेपर्यंत खोल नेऊ नका, नाहीतर मान आतून पोकळ होईल आणि १२२ चौरस मिमीचे ९४ होतील. पिनला बसवताना अँटी-सीझचा (जाम होऊ न देणाऱ्या पेस्टचा) हात फिरवा, पुढच्या वेळी निम्मं भांडण तिथेच मिटतं.

आणि फिटरला सांगा, तुकड्याला हात घालण्याआधी मेन स्विच बंद, त्याला कुलूप आणि किल्ली स्वतःच्या खिशात. अडकलेला माल स्क्रूला पिळून धरून बसलेला असतो कधीकधी. वरचा माल हलला की स्क्रू अचानक मागे फिरतो, मोटर बंद असली तरी. त्या वेळी बोट भोकात नसलेलं बरं.